परप्रांतीय मजुरांच्या रोजगाराची तुलना करण्याआधी: नागपूरच्या कामगार आणि सांख्यिकी खात्यांना खुले पत्र

प्रति,
अप्पर कामगार आयुक्त, जिल्हा सांख्यिकी कार्यालय आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य,
नागपूर

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी एकतीस वर्षं नागपुरात सांख्यिकी शिकवली. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी दक्षिण नागपुरातल्या एका ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर काम मिळण्यासाठी सकाळी जमतात त्या जागी, टेबल टाकून बसतो आणि मजुरांचे फॉर्म भरून देतो. ई-श्रम या केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवरची नोंद, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, तिचं नूतनीकरण, कधी बँकेचा अर्ज, कधी रेशनचा. हे पत्र लिहायला निमित्त झालं ते माझंच एक कोष्टक.

पहिल्या वर्षी भरलेल्या फॉर्मांची मी एका वहीत टिपणं ठेवत होतो. नाव लिहीत नसे. गाव, वय, काम आणि गेल्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं, एवढंच. जुलै संपताना ती वही उघडली आणि हाताच्या सवयीने गावाप्रमाणे रकाने पाडले. बिहार आणि उत्तर प्रदेशचे लोक आठवड्याचे पाच-सहा दिवस कामावर होते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट, मंडला आणि छत्तीसगडातल्या राजनांदगावकडचे त्यांच्या निम्म्यावरही नव्हते. कोष्टक ओळखीच्या दोन-तीन जणांना दाखवलं. पंधरा दिवसांत तेच मला एका ठेकेदाराच्या तोंडून परत ऐकायला मिळालं, "सर, तुमच्याच आकड्यात आहे ना, बालाघाटवाले कामाले टिकत नाही."

उत्तर ठिय्यावर चहा विकणाऱ्या बाईंकडे होतं. त्या कोष्टकाकडे न बघताच म्हणाल्या, "सर, रोवणी नाही का सुरू?"

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी. वैनगंगेच्या खोऱ्यात आणि छत्तीसगडात त्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून दहा-दहा तास काम चालतं, आणि ज्याची दोन एकर जमीन आहे किंवा ज्याला गावात रोवणीची मजुरी मिळते तो आषाढात शहरात राहत नाही. गेले होते ते सगळे वर्षातल्या सर्वांत कष्टाच्या कामावर गेले होते. मागे ठिय्यावर राहिले होते ते ज्यांना जमीन नाही, ज्यांची तब्येत बरी नाही किंवा जे नुकतेच आलेत असे. मी त्या राहिलेल्यांना मोजलं आणि अख्ख्या बालाघाटचा आकडा म्हणून वहीत लिहिलं. बिहारचे लोक छठला गावी जातात. मी कार्तिकात वही उघडली असती तर त्यांचा रकाना खाली गेला असता, आणि धान कापणीमुळे बालाघाटचाही. माझं कोष्टक लोकांच्या मेहनतीबद्दल नव्हतं, जुलै महिन्याबद्दल होतं. ते मी फाडून टाकलं, पण त्या ठेकेदाराच्या डोक्यातून ते मला काढता आलेलं नाही, आणि त्याची बोच अजून आहे.

माझी वही दोनशे पानांची होती. तुमच्याकडच्या नोंदवह्या आता संगणकावर आहेत आणि त्यांत लाखो नावं आहेत. कुठल्या राज्याच्या किती लोकांची नोंद, किती जण कामावर, किती नाहीत, ही यादी काढायला आता वेळ लागत नाही. बैठकीच्या सादरीकरणात ती एका पानावर मावते आणि दुसऱ्या दिवशी बातमी होते. अशी तुलना करू नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझी विनंती एवढीच की ज्या नोंदवहीतून आकडा आला ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे त्या आकड्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय तो खात्याबाहेर जाऊ देऊ नका.

ई-श्रमपासून सुरुवात करतो, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. २६ ऑगस्ट २०२१ ला हे पोर्टल सुरू झालं आणि आज देशभरात ३० कोटींहून जास्त लोक त्यावर आहेत. वय १६ ते ५९, असंघटित क्षेत्रात काम, आणि भविष्य निर्वाह निधी (ईपीएफ किंवा पीएफ) आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) यांचा सदस्य नसणं, अशा अटी. काम कोणतं ते माणूस स्वतः सांगतो. म्हणजे या नोंदीचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्या माणसाने 'मी असंघटित क्षेत्रात हे काम करतो' असं सांगितलं. आज तो कामावर आहे का, नागपुरात आहे का, हे त्या नोंदीवरून कळत नाही. पत्त्यात बदल झाला की तो कळवायचा असतो. चार वर्षांत किती जणांनी स्वतःहून येऊन माझ्याकडून पत्ता बदलून घेतला ते मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकतो.

आता याच्या नेमकं उलट दार भविष्य निर्वाह निधीचं. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ते लागू, आणि सक्तीसाठी वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली १५,००० रुपये. ईएसआयला दहा माणसं पुरतात, तिथली मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१,००० झाली. समजा एखाद्या जिल्ह्यातून आलेली पोरं ठिय्यावरून उठून बुटीबोरीच्या कारखान्यात लागली. ती ई-श्रमच्या व्याख्येतून बाहेर पडतात आणि पीएफमध्ये दिसू लागतात. नुसतं ई-श्रम पाहणाऱ्याला त्या जिल्ह्याचे कामगार घटलेले दिसतील, नुसतं पीएफ पाहणाऱ्याला एकदम वाढलेले. पोरं तीच, त्यांचे हातही तेच. त्यातून पीएफचे जे मासिक आकडे २०१८ पासून जाहीर होतात ते वय, लिंग, राज्य आणि उद्योग यांप्रमाणे असतात. माणूस मुळात कुठला हे त्यांत येत नाही. मग कोणीतरी आडनावांवरून अंदाज बांधायला लागतो. ते तर अजिबात होऊ देऊ नका.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी हे तिसरं दार. १९९६ च्या कायद्याने घातलेली अट अशी की मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं आणि त्याचा दाखला असावा. ज्याच्या डोक्यावर एकच ठेकेदार वर्षभर आहे त्याला हा दाखला मिळण्याची आशा तरी असते. ठिय्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. आज मानेवाड्यात प्लास्टर, उद्या कोणाच्या घराची पाण्याची टाकी, परवा काहीच नाही. नव्वद दिवस भरतात, पण ते चाळीस जणांकडे वाटलेले असतात आणि त्या चाळिसांतला एकही सही करत नाही. ग्रामसेवकाने किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याने दाखला द्यायची सोय आहे, पण जो चार महिने नागपूर, तीन महिने हैदराबाद आणि उरलेला काळ गावी असतो त्याने कुठल्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं? मग मंडळाच्या यादीत कोणत्या गटाचं प्रमाण जास्त दिसणार? जो एका ठेकेदाराच्या बांधणीत आला आहे, त्याचं. हे प्रमाण ठेकेदारीच्या पद्धतीचं आहे. त्याला त्या राज्यातल्या लोकांच्या कष्टाळूपणाचा आकडा मानणं हा अन्याय आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे तिच्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात एक जोडपं टेबलासमोर आलं. बिलासपूरकडचं. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली, बायको रेजा. नागपुरात राहणाऱ्या कोणालाही रेजा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि बांबूच्या पायऱ्यांवरून दिवसभर वर-खाली. नवऱ्याजवळ ९० दिवसांचा दाखला होता, ठेकेदाराने सही-शिक्का करून दिलेला. त्याचा फॉर्म मी वीस मिनिटांत भरला. ती शेजारी उभी होती. एका हाताने दुसऱ्या हाताच्या तळव्यावरचं सिमेंटने फाटलेलं कातडं सोलत होती. नवऱ्याची पावती निघाली, तिने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "मोर नाव कहां हे?"

माझं नाव कुठे आहे. मी तिच्या दाखल्याबद्दल विचारलं. दाखला नव्हता. ठेकेदार मजुरी जोडीची देतो आणि नवऱ्याच्या हातात देतो, त्यामुळे त्याच्या हजेरीच्या वहीत नाव एकच. दोन माणसांचं काम, एक ओळ. मी ठेकेदाराला फोन लावला. तो चांगला माणूस आहे, उद्धट बोलला नाही. तो म्हणाला, "सर, एकाचा दाखला दिला ना, घर तर एकच आहे त्यांचं."

हाच प्रकार शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथे हिशेब हजार विटांवर होतो. माती कालवणं, गोळे करणं, साच्यात थापणं, वाळलेल्या विटा पलटवणं यांत नवरा, बायको आणि मोठी झालेली पोरं सगळी असतात. हंगामाच्या आधी उचल घेतली जाते ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर, आणि शेवटी हिशेब होतो तोही त्याच्याच नावावर. नोंद झालीच तर एका माणसाची होते. आता या नोंदवहीतून छत्तीसगडच्या बायकांचा रोजगारातला सहभाग काढा. तो शून्याच्या जवळपास येईल. आणि आपल्यातला कोणीतरी शहाणा माणूस त्यावर लिहील की या समाजात बायकांना कामाला पाठवत नाहीत. या शहराच्या अर्ध्या इमारतींच्या स्लॅबचं काँक्रीट ज्या बायकांनी डोक्यावरून वर नेलं त्यांच्याबद्दल असं लिहिलं जाईल. माझ्या वहीतल्या जुलैच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे, कारण जुलै सरला की रोवणी संपते. हजेरीतली ती एक ओळ बाराही महिने एकच राहते.

परदेशातल्या अशा तुलनांचे तक्ते आपल्याकडे फोनवर फिरतात. अमुक देशातले स्थलांतरित इतके टक्के कामावर, तमुक देशातले इतकेच, आणि खाली शेरा. ते तक्ते बहुतेक वेळा खऱ्या सरकारी नोंदींवरूनच काढलेले असतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथे प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक असतो आणि लोकसंख्येची नोंदवही, कराची नोंदवही, शिक्षणाची नोंदवही त्या क्रमांकाने एकमेकींना जोडता येतात. नॉर्वेत जानेवारी २०१५ पासून मालक दर महिन्याला एकाच अहवालात नोकरी, पगार आणि कर यांची माहिती देतो. सर्वेक्षणाला घरोघरी जावं लागत नाही. मला सांख्यिकीचा माणूस म्हणून या व्यवस्थेचा हेवा वाटतो हे कबूल करतो. पण तिथल्या सांख्यिकी कार्यालयांनी त्या आकड्यांसोबत जे सांगून ठेवलं आहे ते फिरणाऱ्या तक्त्यांत कधीच नसतं.

स्वीडनचंच घ्या. एखादा माणूस देश सोडून गेला आणि त्याने कळवलं नाही, तर तो लोकसंख्येच्या नोंदवहीत राहतोच. त्याला स्वीडनमध्ये पगार मिळत नाही, म्हणून कराच्या नोंदवहीत तो सापडत नाही. दोन्ही वह्या जोडल्या की तो 'इथे राहणारा, बेरोजगार' असा दिसतो. जन्माने स्वीडिश माणसांत असे थोडे, बाहेरून आलेल्यांत जास्त, कारण परत जाणारे किंवा पुढच्या देशात जाणारे त्यांच्यातच अधिक. त्यामुळे स्थलांतरितांचा रोजगार दर आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि ज्या गटात ये-जा जास्त त्याचा आणखी कमी. आपल्या मंडळाच्या यादीत नोंद करून हैदराबादला गेलेला माणूस आणि स्वीडनच्या नोंदवहीतला हा माणूस यांच्यात फरक मला दिसत नाही.

महिन्याचंही तसंच. स्वीडनची नोंदवहीवर आधारलेली रोजगाराची आकडेवारी वर्षानुवर्षं नोव्हेंबर महिना धरून काढली जात असे. तिथे ते शोभतं. तोच नोव्हेंबर आपण नागपूरसाठी उचलला तर बहुतेक वर्षी छठ आणि धान कापणी दोन्ही त्यात येतात.

कॅनडाने एक गोष्ट चांगली केली आहे. तिथे १९८० पासून आलेल्या स्थलांतरितांच्या प्रवेशाच्या नोंदी आणि त्यांची कराची विवरणपत्रं जोडलेली आहेत, आणि त्यात माणूस कोणत्या दाराने आत आला हेही असतं. १९६७ पासून तिथे शिक्षण, भाषा, वय यांना गुण देऊन माणसं निवडतात. अशी निवडलेली व्यक्ती, तिच्यासोबत आलेला जोडीदार, आधीच आलेल्या नातेवाइकाने बोलावलेले आई-वडील आणि जीव वाचवायला आलेला निर्वासित, हे चौघे एकाच देशाचे असू शकतात. निवडलेला माणूस पहिल्याच वर्षी कामाला लागतो, निर्वासिताला बरीच वर्षं लागतात. चौघांची सरासरी काढून तिला त्या देशाचं नाव दिलं तर तो आकडा चौघांपैकी कोणाचाच नसतो. तिथेही 'कामावर' याचा अर्थ वर्षभरात पगाराची नोंद झाली, मग ती एका आठवड्याची का असेना, असा असू शकतो. प्रत्येक आकड्याआधी ही व्याख्या वाचावी लागते.

आणि गट कसे पाडायचे, हे काही आभाळातून पडत नाही. डेन्मार्कने २०२० मध्ये मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका, पाकिस्तान आणि तुर्कस्तान मिळून एक नवा गट केला. नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२२ मध्ये 'पाश्चात्त्य' आणि 'अपाश्चात्त्य' ही आपली जुनी विभागणीच सोडून दिली. माणसं जागच्या जागी होती, रेघा सरकल्या.

रेघा सरकण्याचं आपल्याइतकं उदाहरण दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच असेल. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं आणि छत्तीसगड त्याच प्रांतात होतं. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे रेल्वे रायपूर-बिलासपूरकडे गेली, आणि तिकडची माणसं नागपुरात आली ती आपल्याच प्रांताच्या राजधानीत आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ती माणसं एका रात्रीत परप्रांतीय झाली. घरातून पाऊल न काढता. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं राज्य झालं. त्याआधी आलेल्याच्या जुन्या कागदावर मध्य प्रदेश लिहिलेलं असतं, त्याच्या पुतण्याच्या कागदावर छत्तीसगड. काका आणि पुतण्या एकाच गावचे, तुमच्या कोष्टकात ते दोन वेगळ्या गटांत बसतील. जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांतल्या सर्वांत वृद्ध माणसांचं जन्मस्थान आज पाकिस्तानात आहे. त्यांच्या नातवंडांना स्थलांतरित धरायचं की नाही? बालाघाटहून आलेला माणूस आंतरराज्य स्थलांतरित ठरतो, तर सावंतवाडीहून आलेला राज्यातल्या राज्यात. कोण किती दूरवरून आला हे नकाशावर बघा.

आपल्या जनगणनेला हे माहीत आहे. जन्मस्थान ती १८७२ पासून विचारते, मागचं राहण्याचं ठिकाण १९७१ पासून आणि येण्याचं कारण १९८१ पासून. हे कारण फार मोलाचं आहे. २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले २८.९ टक्के लोक स्थलांतरित निघाले; स्त्रियांत ४७.९ टक्के, पुरुषांत १०.७. आणि त्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे आलेल्या. भंडाऱ्याहून लग्न होऊन नागपुरात आलेली मुलगी आणि ठेकेदाराबरोबर आलेला तरुण या दोघांना 'स्थलांतरित' या एका शब्दाखाली ठेवून रोजगाराची टक्केवारी काढली तर काय हाती लागणार? नागपुरात आणखी एक दार आहे ज्याचा उल्लेख मला कुठल्याच फॉर्ममध्ये सापडत नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक. बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडातून येतात, उपचार लांबतात, पैसे संपतात आणि बरोबरचा माणूस ठिय्यावर येऊन उभा राहतो. तो कामाच्या शोधात नागपूरला आला नव्हता. रुग्णाच्या पाळीप्रमाणे आठवड्यातून दोनच दिवस काम करतो. त्याला कोणत्या गटात घालाल?

एक हिशेब दाखवतो. आकडे कल्पित आहेत, फक्त समजावण्यासाठी. एका गटात १०० माणसं, ८० पुरुष आणि २० बायका. पुरुषांपैकी ७२ कामावर, बायकांपैकी ८. एकूण ८० टक्के. दुसऱ्या गटातही १०० माणसं, पण ती कुटुंबासह आलेली, त्यामुळे ४० पुरुष आणि ६० बायका. पुरुषांपैकी ३७ कामावर, बायकांपैकी २७. एकूण ६४ टक्के. आता पुरुष पुरुषांशी ताडून पाहा. पहिल्या गटात ९० टक्के, दुसऱ्यात साडेब्याण्णव. बायका बायकांशी पाहा. पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ४५. दुसरा गट दोन्हीकडे पुढे आहे आणि तरी एकूण आकड्यात सोळा टक्क्यांनी मागे. मी हे गणित फळ्यावर शेकडो वेळा केलं असेल, आणि दरवर्षी वर्गात एक तरी मुलगी उठून म्हणायची की सर, बेरीज चुकली. बेरीज बरोबरच आहे. एकटा आलेला पुरुष आणि बिऱ्हाड घेऊन आलेलं कुटुंब यांची तुलना करताना हे होणारच. वयाचं आणि येऊन किती वर्षं झाली याचंही असंच होतं.

मोजणीला माझा विरोध आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून २०२० ची आठवण काढतो. त्या उन्हाळ्यात जबलपूर-हैदराबाद महामार्गावर आम्ही काही जण पाण्याचे कॅन आणि चपला घेऊन उभे असायचो. तेलंगणातून निघालेली माणसं मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारकडे चालत जात होती. किती गेली, कुठून आली, नागपुरात कामाला होती त्यांतली किती निघाली, याचा हिशेब त्या वेळी कोणालाच देता येत नव्हता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने नोंद ठेवायची होती, कामगाराला फोटोसह पासबुक द्यायचं होतं. रस्त्यावर मी एकाही माणसाजवळ ते पासबुक पाहिलं नाही. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मरण पावले याची माहिती ठेवलेली नाही. नोंद नसल्याने काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ई-श्रम आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला तो यामुळे.

म्हणून विनंती अशी. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी निघतं. त्यात बाहेरून आलेल्या कामगारांसाठी एक प्रकरण घाला. त्यात कुठल्याही राज्याचा किंवा जिल्ह्याचा आकडा छापताना तो कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या नोंदवहीतला हे त्याच ओळीत असू द्या, तळटीपेत नको. पुरुष आणि बायका वेगळ्या, आणि येऊन वर्ष झालेले, पाच वर्षं झालेले, वीस वर्षं झालेले वेगळे. ज्यांची नोंद दोन वर्षांत हललेली नाही त्यांना बेरोजगार धरू नका, 'ठावठिकाणा अद्ययावत नाही' असा स्वतंत्र रकाना करा. तो रकाना मोठा निघेल आणि खात्याला अवघड वाटेल. तरी छापा, कारण त्या रकान्याच्या आकारावरून बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचं ते वाचणाऱ्याला कळतं.

ई-श्रम, पीएफ, ईएसआय आणि मंडळ या चार वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही गटाबद्दल काही म्हणू नका. हे काम जिल्ह्यात बसून होणार नाही याची मला कल्पना आहे, ते अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून करून घ्यावं लागेल. ते करताना नाव, आधार क्रमांक, मोबाईल काढून टाकलेले असावेत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायद्यापलीकडचीही एक काळजी आहे. कोणत्या वस्तीत कोणत्या राज्याचे किती लोक राहतात याचा बारीक तक्ता बाहेर गेला, तर तो उद्या वाईट दिवशी कोणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही. एखाद्या चौकटीत दहापेक्षा कमी माणसं येत असतील तर ती चौकट छापू नका. आणि ही माहिती पोलीस पडताळणीला किंवा अतिक्रमण हटवण्याला वापरली जाणार नाही असं लेखी जाहीर करा. ते जाहीर झाल्याशिवाय माझ्या टेबलाशी येणारा माणूस मला खरा पत्ता सांगणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

जोडीच्या मजुरीबद्दल वेगळं सांगतो. मंडळाची नोंदणी करताना विवाहित पुरुषाला एक प्रश्न विचारला जावा, की पत्नी याच कामावर असते का. उत्तर हो असेल तर त्याच ठेकेदाराने तिचा स्वतंत्र दाखला द्यायचा, नाहीतर नवऱ्याचाही स्वीकारायचा नाही. ठेकेदार नाराज होतील, पहिले सहा महिने नोंदणी घटेल. पण एवढं एक पाऊल उचललं तर छत्तीसगडच्या बायकांच्या रोजगाराचा आकडा एका वर्षात ओळखू येणार नाही इतका बदलेल, आणि त्याबरोबर त्यांना बाळंतपणाची मदत आणि अपघाताची भरपाई स्वतःच्या नावावर मिळू लागेल. त्या बिलासपूरच्या बाईंचा दाखला मला शेवटपर्यंत मिळवता आला नाही. होळीला ती दोघं गावी गेली. परत आली असतील तर दुसऱ्या ठिय्यावर असतील.

जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. त्या दिवसांत भट्ट्या भरात असतात आणि बांधकामंही. गणनेला येणाऱ्या शिक्षकांना भट्टीवरच्या झोपड्यांत पाठवताना 'काम करता का' हा प्रश्न घरातल्या बाईलाच विचारायला सांगा. नवऱ्याला विचारलं तर तो 'घरी असते' म्हणतो. त्याला खोटं बोलायचं नसतं. त्याच्या हिशेबाने ती खरंच घरीच असते, कारण घर भट्टीवरच आहे.

तुमच्यापैकी कोणी एखाद्या रविवारी ठिय्यावर आलात तर मला फार बरं वाटेल. माझी नवी वही दाखवीन, तिच्यात आता महिन्याचा आणि जोडीचा रकाना आहे. फक्त एक करा, साडेसहाच्या आत या. सात ते आठ या तासात मिस्त्री येतात, मोटारसायकली थांबतात, माणसं दोन-दोन, चार-चार करून उचलली जातात. नऊला गाडीतून जाणाऱ्या माणसाला जे बसलेले दिसतात ते त्या दिवशी काम न मिळालेले असतात. बाकीचे तेव्हा तुमच्या-माझ्या घरांच्या स्लॅबवर असतात.

आपला नम्र,
सांख्यिकीचा एक निवृत्त प्राध्यापक,
नागपूर